चष्मा काढून ठेवू नका, डोळ्याची लांबी मोजून घ्या

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी शाळेच्या तपासणीत तिला मायनस १ नंबर निघाला. सातव्या वर्षी तो मायनस १.७५ झाला आणि गेल्या महिन्यात दोन्ही डोळ्यांना मायनस २.७५ आला. मला स्वतःला मायनस ७ आहे. सासूबाई म्हणतात, सतत चष्मा लावल्यानेच डोळे आळशी होतात, शाळेपुरता लावू दे. म्हणून घरी आल्यावर मी तिचा चष्मा काढून ठेवते. ओळखीच्या एकांनी सुचवलं की मुद्दाम थोडा कमी नंबरचा चष्मा करा, म्हणजे नंबर वाढणार नाही. डॉक्टरांनी रोज रात्री घालायचे थेंब किंवा खास काचांचा चष्मा असे दोन पर्याय दिलेत, पण एवढ्याशा मुलीच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं औषध घालायचं या विचारानेच भीती वाटते. लहानपणी मी तिला मोबाइल दिला, तेच नडलं असं सारखं वाटतं. पाच वर्षांचा धाकटा मुलगा आहे, त्याला अजून चष्मा नाही. परवा मुलगी म्हणाली, "आई, मी मोठी झाल्यावर आंधळी होणार का?" मला काही बोलताच आलं नाही.

उत्तर:

ताई, आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते तुम्हाला आज रात्री झोपण्यापूर्वी तिला सांगायचं आहे. नाही, ती आंधळी होणार नाहीये. तिचा डोळा लांबीला जरा जास्त वाढतोय, म्हणून लांबचं पुसट दिसतं. चष्मा लावला की तिला सगळं स्वच्छ दिसतं, आणि डोळा फार भराभर वाढू नये म्हणून आपण डॉक्टरांच्या मदतीने काही गोष्टी करणार आहोत. आठ वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. तिने हे विचारलं याचा अर्थ मोठ्यांची कुजबुज तिच्या कानावर गेली आहे, तेव्हा इथून पुढे तिच्या डोळ्यांबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोर आणि सरळ बोला.

आता चष्म्याचं. उद्यापासून तो घरीही तिच्या डोळ्यांवर असू द्या. सासूबाईंचा समज फार जुना आहे आणि त्यामागे काळजीच आहे. वर्षानुवर्षं लोक हेच पाहत आले: मुलाला चष्मा लागला आणि त्यानंतर नंबर वाढतच गेला. पण नंबर वाढतो तो त्या वयात डोळा वाढतो म्हणून. चष्मा नसता तरी तो वाढलाच असता. कमी नंबरच्या चष्म्याची कल्पना तर प्रत्यक्ष तपासून पाहिलेली आहे. २००२ साली मलेशियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना पूर्ण नंबरचा आणि काहींना मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन दोन वर्षं पाहिलं. कमी नंबरच्या चष्म्याने वाढ थांबली नाही, उलट त्या मुलांचा नंबर थोडा जास्तच वाढला. तेव्हा तो सल्ला सोडून द्या. सासूबाईंना तपासणीला सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांनाच समजावून सांगू द्या. सून सांगते आणि डॉक्टर सांगतात, यात घरात किती फरक पडतो हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

डोळ्याची लांबी म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. जन्मतः तो बराच लहान असतो आणि बालपणी हळूहळू वाढतो. वाढताना बाहुलीमागचं भिंग आणि डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) यांचा मेळ राहिला तर लांबचं चित्र पडद्यावर नेमकं पडतं. मायोपियात, म्हणजे तुमच्या मुलीसारखा मायनस नंबर असताना, डोळा त्या मेळापेक्षा पुढे निघून जातो, पडदा मागे सरकतो आणि चित्र त्याच्या अलीकडेच तयार होतं. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच डायॉप्टर नंबर; डायॉप्टर हे नंबर मोजायचं माप. तुमच्या मुलीच्या मायनस २.७५ मागे जेमतेम मिलिमीटरभराची गोष्ट आहे.

चष्मा चित्र पुन्हा पडद्यावर आणतो, डोळ्याची लांबी मात्र तेवढीच राहते. मोठेपणी लेसरने नंबर काढला तरी बुबुळाचा पुढचा भाग सपाट होतो, मागचा ताणलेला पडदा ताणलेलाच राहतो. आणि खरी काळजी त्या ताणलेल्या पडद्याची आहे. नंबर मायनस ५-६ च्या पलीकडे गेला की पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, पडद्याचा मधला भाग झिजणं, काचबिंदू, लवकर मोतीबिंदू यांची शक्यता वाढते. बहुतेक लोकांना यातलं काहीही होत नाही. पण नंबर जितका कमी ठेवता येईल तितका धोका कमी. मोठ्या अभ्यासांवरून मांडलेला एक हिशेब असा आहे की नंबर एका डायॉप्टरने जरी कमी राखला तरी पडद्याचा मधला भाग झिजण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो. चष्म्याची काच जाड दिसेल, मुलं चिडवतील, ही काळजी दुय्यम आहे. तुमचे डॉक्टर उपचाराबद्दल बोलले ते या ४० टक्क्यांसाठी.

तुमच्या मुलीच्या बाबतीत उपचार सुरू करावा का? माझ्या मते हो, आणि लवकर. दोन वर्षांत पावणेदोन डायॉप्टर ही वेगवान वाढ आहे. सहाव्या वर्षी चष्मा लागला, म्हणजे पुढे वाढायला बरीच वर्षं हातात आहेत. नंबर पुढे किती चढेल याचा अंदाज चष्मा कोणत्या वयात लागला यावरून सगळ्यात चांगला येतो. शिवाय तुमचा नंबर मोठा आहे, म्हणजे वारसाही आहे. अमेरिकेत मुलांचा अनेक वर्षं पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात नंबर स्थिरावण्याचं सरासरी वय साडेपंधराच्या आसपास निघालं, काहींचा मात्र विशीपर्यंत वाढत राहिला. सर्वांत जोराची वाढ होते ती आत्ता, सात ते अकरा-बाराच्या दरम्यान. "मोठी झाल्यावर बघू" म्हटलं तर वाढ थांबवण्यासारखी वेळ निघून गेलेली असेल.

पण त्याआधी एक खात्री करून घ्या. मायनस २.७५ हा नंबर थेंब घालून, डोळ्यांचा स्नायू सैल करून काढलेला आहे का? लहान मुलं तपासताना नकळत जवळ बघण्याचा जोर लावतात आणि नंबर असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. थेंबांशिवाय नुसत्या संगणकावर काढलेल्या नंबरवरून उपचार ठरवू नयेत. दुसरं म्हणजे डोळ्याची लांबी मोजून मागा. यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्याला काही लागत नाही, मिनिटाभरात होतं. चष्मा न लागलेल्या आठ वर्षांच्या मुलाचा डोळा वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर वाढतो. मायोपिया पळत असला की ०.३ किंवा त्याहून जास्त. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. उपचार लागू पडतोय की नाही हे नंबरपेक्षा लांबीवरून जास्त खात्रीने कळतं, आणि दोन नोंदी हातात आल्या की तुमची भीतीही बरीच आटोक्यात येईल.

आता डॉक्टरांनी सुचवलेल्या दोन पर्यायांबद्दल.

थेंब म्हणजे ॲट्रोपिन. हे नवं औषध नाही. बाहुली मोठी करून तपासायला १ टक्क्याचे थेंब डॉक्टर अनेक दशकं वापरत आहेत. मायोपियासाठी ते फार पातळ करून देतात. सिंगापूरमध्ये आधी १ टक्का आणि नंतर ०.५, ०.१, ०.०१ टक्का असे थेंब मुलांना देऊन पाहिले. जास्त तीव्र थेंबांनी वाढ चांगली मंदावली, पण उजेड सहन होईना, जवळचं वाचता येईना, आणि थेंब बंद केल्यावर नंबर उसळी मारून वाढला. म्हणून पातळ थेंबांकडे सगळे वळले. मग हाँगकाँगमध्ये चार ते बारा वर्षांच्या ४३८ मुलांवर ०.०५, ०.०२५ आणि ०.०१ टक्क्यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. पहिल्या वर्षात नंबरची वाढ अनुक्रमे ६७, ४३ आणि २७ टक्क्यांनी मंदावली. २०२३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात ०.०१ टक्क्याचा औषधविरहित थेंबांपेक्षा काही उपयोग दिसला नाही. हे आकडे मुद्दाम सांगतेय, कारण "ॲट्रोपिन दिलंय" एवढ्यावर थांबू नये. किती टक्क्याचं, हे विचारा. ०.०१ टक्क्यावर सहा महिन्यांत लांबी पूर्वीच्याच वेगाने वाढत असेल तर डॉक्टरांशी ते बदलण्याबद्दल बोला.

तुमची भीती मला समजते. थेंबांनी काही मुलांना उन्हात डोळे दिपतात, पुस्तक थोडं पुसट दिसतं. मग उन्हात रंग बदलणारी काच देता येते, किंवा थेंबांची तीव्रता उतरवता येते. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: सुट्टी आली, बाटली संपली, कंटाळा आला म्हणून थेंब आपल्या मनाने एकदम बंद करायचे नाहीत. लहान मुलांत आणि तीव्र थेंबांत उसळीचा धोका जास्त असतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत आणतात. आणि बाटली धाकट्याच्या हाती लागणार नाही अशी वर ठेवा, ॲट्रोपिन पोटात जाणं घातक असतं.

दुसरा पर्याय खास काचांचा चष्मा. साध्या चष्म्यासारखाच दिसतो. काचेच्या मधल्या भागात नेहमीचा नंबर असतो आणि त्याभोवती शेकडो बारीक भिंगं कोरलेली असतात. मधून स्वच्छ दिसतं. कडेच्या भिंगांमुळे प्रकाशाचा काही भाग पडद्याच्या पुढे पडतो आणि डोळ्याला "आणखी लांब हो" हा इशारा मिळणं कमी होतं, अशी त्यामागची समजूत आहे. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन वर्षं मुलांना असा चष्मा देऊन पाहिला. साध्या चष्म्याच्या तुलनेत नंबरची वाढ सरासरी ५२ टक्क्यांनी आणि लांबीची ६२ टक्क्यांनी कमी झाली. अशाच दुसऱ्या एका काचेच्या चाचणीत जी मुलं दिवसातून बारा तास किंवा जास्त चष्मा लावत होती त्यांना सर्वाधिक फायदा झाला. म्हणजे संध्याकाळी चष्मा काढून ठेवण्याची तुमच्या घरातली सवय इथे सरळ उपचारावर घाव घालेल. एक बारीक गोष्ट: फ्रेम नाकावरून घसरली की मूल कडेच्या भिंगांतून बघू लागतं. दर दोन-तीन महिन्यांनी फ्रेम बसवून घ्या.

तुमच्या जागी मी असते तर चष्म्यापासून सुरुवात केली असती. तो तिला लावायचाच आहे, औषध डोळ्यात जात नाही, आणि आठव्या वर्षी एका जागी टिकून राहणारा उपाय सगळ्यात चांगला. सहा महिन्यांनी लांबी मनासारखी आवरली नाही तर थेंब जोडता येतात. दोन्ही मिळून द्यायची पद्धत आता रूढ होतेय. खास काचा परवडत नसतील तर थेंबांनी सुरुवात करायला काहीच हरकत नाही, त्यात कमीपणा मानू नका. काहीच न करता वाट बघणं मात्र मी टाळलं असतं.

आणखी दोन पर्याय कुणीतरी सांगेल म्हणून थोडक्यात. दिवसा घालून रात्री फेकून द्यायची एक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आहे. तीन वर्षांच्या चाचणीत तिने नंबरची वाढ ५९ टक्क्यांनी कमी केली आणि अमेरिकेत २०१९ साली तिला आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. दुसरी रात्री घालून झोपायची कडक लेन्स, जिला ऑर्थो-के म्हणतात. तिने लांबीची वाढ दोन वर्षांत ४३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली आहे आणि दिवसभर चष्माही लागत नाही. पण कोणत्याही लेन्सला नळाचं पाणी लागता कामा नये, हात धुऊन कोरडे हवेत, आणि डोळा लाल होऊन दुखला की लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. बुबुळाचा जंतुसंसर्ग नजर घेऊन जाऊ शकतो. तुमची मुलगी स्वतः काळजी घेण्याएवढी मोठी झाली की याचा विचार करा. लाल प्रकाशाच्या यंत्राचं नाव ऐकाल, तर थांबा. चिनी चाचण्यांत त्याचे आकडे चांगले आले असले तरी पडद्याला इजा झाल्याची नोंद आहे, आणि मी माझ्याकडच्या मुलांना ते सध्या सुचवत नाही. डोळ्यांचे व्यायाम, भोकाभोकांचा चष्मा, निळा प्रकाश अडवणारी काच, जीवनसत्त्वांच्या गोळ्या यांनी डोळ्याची लांबी थांबत नाही.

आता धाकट्याबद्दल. तुमच्या पत्रात तो एका ओळीत आलाय, पण सगळ्यात जास्त कमाई त्याच्या बाबतीत होऊ शकते, कारण त्याला अजून काही झालेलं नाही.

२००८ साली एक तुलना प्रसिद्ध झाली. सिंगापूर आणि सिडनीमधली सहा-सात वर्षांची, सारख्याच चिनी वंशाची मुलं. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना मायोपिया होता, सिडनीत ३.३ टक्क्यांना. आईवडिलांच्या नंबरमध्ये फारसा फरक नव्हता. सिडनीची मुलं पुस्तकंही जास्त वाचत होती. ठळक फरक होता तो घराबाहेरच्या वेळेचा: सिडनीत आठवड्याला १३.७५ तास, सिंगापूरमध्ये ३.०५ तास. पुढे चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, बाकीच्या शाळांमध्ये ३९.५ टक्क्यांना. खोलीत दिवा लावून ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड मिळतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा त्याच्या कितीतरी पट असतो. त्या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि ते डोळ्याची वाढ आवरतं, असं संशोधक मानतात.

म्हणून धाकट्याला रोज दोन तास बाहेर. सलगच हवेत असं नाही, तुकड्यांनी चालेल. शाळेत चालत जाणं, मधल्या सुट्टीत मैदान, संध्याकाळी अंधार पडण्याआधीचा तास. सावलीत, टोपी घालून चालेल. सूर्याकडे बघायचं नाही. खेळच हवा असं नाही, अंगणात मातीत बसून राहिला तरी उजेड मिळतोच. आणि त्याची थेंब घालून एकदा तपासणी करा. लहान मुलांचा नंबर थोडा प्लसमध्ये असायला हवा. ते हळूहळू संपणारं भांडवल आहे. सहाव्या वर्षी ते प्लस ०.७५ किंवा त्याहून कमी उरलं असेल तर चष्मा लागायच्या आधीच आपल्याला सूचना मिळते, मग दर सहा महिन्यांनी दाखवायचं.

मुलीलाही बाहेर न्या, पण तिच्याबाबत माझी अपेक्षा मर्यादित आहे. मायोपिया सुरू होऊ नये यासाठी बाहेरच्या उजेडाचा पुरावा भक्कम आहे. एकदा सुरू झाल्यावर तो मंदावण्यासाठी तेवढा नाही. म्हणून "खेळायला पाठवतो, मग उपचार कशाला" असं करू नका.

आणि मोबाइल. ताई, तुम्ही तिला मोबाइल दिला म्हणून तिला मायोपिया झाला असं कोणीही सांगू शकणार नाही, मीही नाही. तुमचा वारसा, जवळ धरून केलेलं काम, बाहेर न गेलेला वेळ यांचं ते मिश्रण असतं, आणि नाकाला लावून वाचलेलं गोष्टीचं पुस्तकही त्यात येतं. मागचं खोदत बसू नका. आजपासून पुस्तक किंवा मोबाइलचा स्क्रीन कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर, वीसेक मिनिटांनी उठून खिडकीबाहेर लांब बघणं, आडवं पडून वाचणं बंद, आणि जे व्हिडिओ बघायचे ते टीव्हीवर लांबून. शिक्षा म्हणून नको. मोबाइल काढून घेऊन तिला खोलीत बसवलंत तर काही साधणार नाही. काढून घेतलेल्या वेळेत तिच्याबरोबर बाहेर पडलात तर साधेल.

टक्केवारीबद्दलही एक सांगून ठेवते, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही निराश व्हाल. "५२ टक्के" ही सरासरी आहे. एखाद्या मुलाची वाढ जवळजवळ थांबते, एखाद्याची थोडीच मंदावते. उपचार चालू असताना नंबर पाव-अर्ध्याने वाढला तर तो फुकट गेला असं नसतं. उपचाराशिवाय तो किती वाढला असता याच्याशी तुलना करायची. आणि झालेला नंबर उतरत नाही. कुणी उतरवून देतो म्हणालं तर तिथून उठून या.

एक शेवटचं, जे तुम्ही विचारलेलं नाही. मायनस ७ असलेल्या तुम्ही स्वतःचा पडदा थेंब घालून शेवटचा कधी तपासून घेतलात? पत्रात सगळ्यांचे डोळे आले, तुमचे फक्त नंबरपुरते. वर्षातून एकदा ही तपासणी करा. मधेच डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकदम वाढले, किंवा कडेने सावलीचा पडदा सरकत आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. पडद्याला चीर असताना पोचलात तर लेसरने बहुधा भागतं. मुलीच्या तपासणीच्या दिवशीच ही वेळ घेऊ नका. थेंबांनी काही तास पुसट दिसतं, आणि त्या दिवशी तिचा हात धरून तिला घरी आणायला तुम्हाला नीट दिसायला हवं.